तेलाला वात कोण देतं?



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण आज जमलो आहोत, त्या सरांचा कॉलेजातला पहिला तास मला जसाच्या तसा आठवतो. विषय थर्मोडायनॅमिक्स. सर वर्गात आले ते स्टीलची वाटी घेऊन. वाटीत शेंगदाण्याचं तेल. त्यांनी काडी ओढली आणि पेटती काडी तेलात बुडवली. चर्र झालं, काडी विझली. दुसरी काडी, तीच गत. मग खिशातून कापसाची वात काढली, तेलात भिजवून वाटीच्या काठावर टेकवली आणि तिसऱ्या काडीनं पेटवली. सर तासभर फळ्यावर समीकरणं लिहीत होते आणि टेबलावर ती वात तेवत होती. तास संपला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तेल तेच, काडीही तीच. मग बदललं काय?"

पुढं माझी सगळी नोकरी गॅस टर्बाइनच्या सोबतीनं गेली. वीजकेंद्रातल्या त्या प्रचंड यंत्रांना हजारो लिटर वंगण तेल लागतं, आणि ते तेल जिथं फिरतं तिथून हातभर अंतरावर लाल तापलेला धातू असतो. हे तेल का पेटतं, आणि बहुतेक वेळा का पेटत नाही, हा प्रश्न मी सरांच्या त्या वाटीवरूनच विचारत आलो. आज तोच आपल्यापुढं मांडतो.

वात काय करते ते आधी पाहू. द्रव तेल जळत नाही, जळते ती त्याची वाफ. वाटीतल्या तेलात काडी बुडवली की काडीची सगळी उष्णता तेलाच्या साठ्यात विरून जाते आणि वाफ होण्याइतकं काहीच तापत नाही. वात मात्र एका वेळी थेंबाचाही अंश वर ओढते, त्याला पुष्कळ हवा मिळवून देते, आणि ज्योतीची उष्णता त्या चिमूटभर तेलापुरती धरून ठेवते. थोडं तेल, भरपूर हवा, अडवलेली उष्णता. टर्बाइनमधल्या तेलाच्या ज्या ज्या आगी मी पाहिल्या किंवा ज्यांचे अहवाल वाचले, त्या प्रत्येकीत कुणीतरी, कशानं तरी, तेलाला अशीच वात दिलेली होती.

यंत्राची ओळख थोडक्यात. गॅस टर्बाइन म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेला हवा दाबणारा कॉम्प्रेसर आणि पेटत्या वायूनं फिरणारी टर्बाइनची चाकं, मध्ये ज्वलनकक्ष. वीज बनवण्यासाठी सार्वजनिक केंद्रात बसवलेलं जगातलं पहिलं गॅस टर्बाइन १९३९ साली स्वित्झर्लंडमधल्या नूशातेल गावी, ब्राउन बोव्हेरी कंपनीनं उभं केलं. ४ मेगावॉटचं. आजची मोठी यंत्रं त्याच्या शंभरपट आहेत, पण रचनेतला मूळ पेच तोच राहिला आहे: दांडा एकच, त्याच्याभोवती हजार अंशांच्या वरचा वायू, आणि त्याच दांड्याला तोलून धरणाऱ्या बेअरिंगमध्ये तेल. मोठ्या यंत्रात हे बेअरिंग बॅबिट नावाच्या मऊ, कथिलयुक्त धातूचं असतं. कित्येक टनांचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो तो प्रत्यक्षात धातूवर टेकलेलाच नसतो. केसाहून पातळ तेलाच्या थरावर तो तरंगत असतो. तेलाचं दुसरं काम उष्णता वाहून नेण्याचं. म्हणून ते सतत फिरत राहावं लागतं.

आता आकडे. टर्बाइनच्या साध्या खनिज तेलाचा डबा घ्या. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं: फ्लॅश पॉइंट २०० अंश सेल्सिअसच्या थोडा वर. म्हणजे तेवढ्या तापमानाला तेलावर इतकी वाफ जमते की वरून ज्योत फिरवली तर क्षणभर भडका उडतो. दुसरा आकडा, स्वयंप्रज्वलनाचं तापमान, साधारण साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे ज्योत नाही, ठिणगी नाही, नुसत्या उष्णतेनंच तेल आपलं आपण पेटेल. हा दुसरा आकडा नियंत्रण कक्षात, सुरक्षेच्या बैठकांत, परमिटच्या कागदांवर सगळीकडे एखाद्या लक्ष्मणरेषेसारखा वापरला जातो. पाइप ३०० अंशांवर आहे ना, मग तेल पडलं तरी हरकत नाही, अशी वाक्यं मी स्वतः लिहिली आहेत. तो आकडा मिळतो कसा, हे मात्र मला बऱ्याच उशिरा कळलं.

अर्ध्या लिटरचा गोल काचेचा चंबू भट्टीत ठेवतात. खोलीत अंधार करतात. चंबूच्या तोंडावर तिरपा आरसा धरतात, म्हणजे तपासनिसाला आत डोकवावं लागत नाही. सुईनं तेलाचा छोटासा थेंब आत सोडायचा आणि दहा मिनिटं आरशाकडं पाहत बसायचं. ज्वाला दिसली तर तापमान कमी करून पुन्हा. ज्या सर्वांत खालच्या तापमानाला ज्वाला दिसते, तो आकडा छापला जातो. प्रयोग प्रामाणिक आहे, त्यात खोट काही नाही. पण हा आकडा शांत हवेतल्या, साध्या वातावरणीय दाबाच्या, अर्ध्या लिटरच्या काचेच्या चंबूचा आहे. चंबू मोठा घ्या, आकडा खाली येतो, कारण उष्णता भिंतीतून पळायला वेळ लागतो. हवेचा दाब वाढवा, आणखी खाली. उलट उघड्यावर, वाऱ्यात, तापलेल्या सपाट लोखंडावर तेल सांडलं तर ते पेटायला लोखंड त्या आकड्यापेक्षा कित्येकदा दोनशे अंशांनी जास्त तापलेलं असावं लागतं, कारण वाफ पेटायच्या आत उडून जाते. आणि तेच तेल सच्छिद्र, भुसभुशीत पदार्थात मुरलं की आकडा शंभर-दीडशे अंशांनीही कोसळतो. म्हणजे स्वयंप्रज्वलनाचं तापमान निव्वळ तेलाचा गुण नाही. त्यात जागेचा वाटा तेलाहून मोठा आहे. आजच्या व्याख्यानात मला सांगायचं आहे ते हेच, बाकीचं सगळं त्याचा पुरावा.

जागेला एवढं महत्त्व का, याचं उत्तर रसायनात आहे, आणि ते आपल्या स्वयंपाकघरातही आहे. दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी राहिलेली चकली खवट लागते. का? तेलाच्या रेणूवरून एक हायड्रोजन ओरबाडला जातो. उरलेला तुकडा, मुक्त मूलक, हवेतला ऑक्सिजन पकडतो आणि पेरॉक्सी मूलक होतो. तो शेजारच्या रेणूचा हायड्रोजन हिसकावतो, स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होऊन शांत बसतो, पण शेजारी मात्र नवा मूलक तयार झालेला असतो. एकाचं दुःख दुसऱ्याच्या गळ्यात, अशी ही साखळी. टर्बाइनच्या टाकीतलं तेल वर्षानुवर्षं हेच करतं. आम्ही त्याला तेलाचं वय म्हणायचो. ते काळपटतं, आंबट होतं, व्हॉल्व्हांवर चिकट वॉर्निश धरतं. म्हणून तेलात अमाइन आणि फिनॉल जातीची प्रतिऑक्सिडंट घालतात. ती स्वतःचा हायड्रोजन पेरॉक्सी मूलकाला देऊन टाकतात आणि स्वतः इतकी सुस्त होतात की साखळी तिथंच तुटते. ही किती शिल्लक आहेत हे मोजायला आरपीव्हीओटी नावाची चाचणी आहे. तेल, थोडं पाणी आणि तांब्याचं वेटोळं एका बंद भांड्यात, ऑक्सिजन साधारण सहा वातावरणांच्या दाबाखाली भरून, १५० अंशांना फिरवत ठेवायचं. तेल ऑक्सिजन प्यायला लागेपर्यंत किती मिनिटं तग धरतं ते मोजायचं. नव्या तेलाच्या चौथाईवर आकडा आला की तेल बदलण्याची वेळ झाली.

आता गंमत अशी की खवटपणा आणि आग यांची सुरुवात एकच आहे. फरक पडतो तो हायड्रोपेरॉक्साइडपाशी. थंड तेलात तो टिकतो. तेल तापलेलं असेल तर तो मधोमध फुटतो, आणि एकाचे दोन मूलक होतात. साखळीला फांद्या फुटतात. एकाचे दोन, दोनाचे चार.

या फांद्यांचा शोध कसा लागला ती कथा सर फार रंगून सांगत. १९२६ साली लेनिनग्राडमध्ये निकोलाय सेम्योनोव्ह यांच्या प्रयोगशाळेत युली खारिटोन आणि झिनाइदा वाल्टा हे दोघं फॉस्फरसची वाफ आणि ऑक्सिजन यांवर प्रयोग करत होते. ऑक्सिजनचा दाब एका मर्यादेखाली असला की फॉस्फरस चमकतच नसे. मर्यादा जरा ओलांडली की लगेच प्रकाश. तोवरची समजूत अशी की रासायनिक क्रिया हळूहळू वाढते आणि हळूहळू कमी होते. नाही म्हणजे नाही आणि हो म्हणजे एकदम हो, असं कुठं असतं? या शास्त्रातलं त्या काळचं सर्वांत वजनदार नाव म्हणजे जर्मनीतले माक्स बोडेनश्टाइन. त्यांनी लिहिलं की हे अशक्य आहे, प्रयोगात चूक असणार. सेम्योनोव्ह चिडले नाहीत, की गप्पही बसले नाहीत. त्यांनी प्रयोग स्वतः पुन्हा केला, मर्यादा खरी निघाली, आणि तिच्या मागं फांद्या फुटणाऱ्या साखळीचं तत्त्व मांडलं. मूलक जन्मण्याचा वेग आणि भिंतीवर आपटून मरण्याचा वेग, यांत जो जिंकेल तसं होतं. बोडेनश्टाइन यांनीही पुढं ते मान्य केलं. १९५६ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल सेम्योनोव्ह आणि ब्रिटनचे सिरिल हिन्शेलवूड यांना मिळालं ते याच कामासाठी. भिंत, पात्राचा आकार, दाब: पाहा, जागा समीकरणात तेव्हाच शिरली होती.

या साखळीची आणखी एक विलक्षण अवस्था आहे, शीत ज्वाला. हम्फ्री डेव्ही यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईथरच्या वाफेत तापलेली प्लॅटिनमची तार धरली तेव्हा अंधारात एक फिकट उजेड दिसला. कागदही पेटणार नाही इतका थंड. जांभळा रंग शोधणाऱ्या पर्किन यांनी १८८२ मध्ये तसंच पाहिलं. तेलाची वाफ अडीचशे-तीनशे अंशांच्या हवेत कोंडली की ती आधी या शीत ज्वालेतून जाते. तापमान शे-दोनशे अंशांनी चढतं, मग क्रिया थबकते, कारण त्या उष्णतेत पेरॉक्सी मूलक बनल्याबनल्या पुन्हा फुटून मागं जातात. या टप्प्यात तापमान वाढलं की क्रिया मंदावते, हे ऐकायला उलटं वाटतं पण खरं आहे. कोंडलेल्या जागेतून उष्णता निसटू शकली तर गोष्ट इथंच संपते. निसटू शकली नाही तर हायड्रोजन पेरॉक्साइड साठतो, एका क्षणी फुटतो, आणि खरी ज्वाला उठते. यंत्राच्या पोटातल्या एखाद्या पोकळीत हे सगळं सेकंदांत उरकतं.

अशी एक पोकळी जगाला ४ नोव्हेंबर २०१० रोजी कळली. क्वांटासचं क्यूएफ ३२ हे एअरबस ए ३८० विमान सिंगापूरहून सिडनीला निघालं होतं. विमानात ४६९ माणसं. उड्डाणानंतर चारच मिनिटांत, इंडोनेशियाच्या बाताम बेटावर असताना, डाव्या पंखाखालच्या दोन क्रमांकाच्या रोल्स रॉइस ट्रेंट ९०० इंजिनातली टर्बाइनची एक तबकडी फुटली आणि तिचे तुकडे पंखातून आरपार गेले.

ऑस्ट्रेलियाच्या अपघात अन्वेषण खात्यानं मूळ शोधलं ते एका बोटभर नळीत. बेअरिंगला तेल पुरवणाऱ्या या नळीचं आतलं भोक बनवताना मध्यापासून सरकलं होतं, म्हणून एका बाजूची भिंत पातळ राहिली. तिथं थकव्याची चीर गेली आणि तेल बाहेर येऊ लागलं. बाहेर म्हणजे कुठं? बेअरिंगच्या कक्षातून तेल बाहेर पडू नये म्हणून कक्षाभोवती कॉम्प्रेसरची दाबलेली हवा भरून ठेवतात. तिला बफर हवा म्हणतात. तेलाच्या रक्षणासाठी ठेवलेली ही हवा दाबली गेल्यानं साडेतीनशे अंशांच्याही वर तापलेली असते. तिच्यात तेलाचा बारीक फवारा उडाला. कोंडलेली जागा, दाबाखालची गरम हवा, फवाऱ्याचे कण. ठिणगीची गरजच नव्हती. आग तबकडीला दांड्याशी जोडणाऱ्या भागावर भाजत राहिली, तो भाग मऊ पडून तुटला. दांड्यापासून सुटलेल्या तबकडीवर आता कसलाच भार नव्हता, वायू मात्र तिला ढकलतच होता. ती वेग घेत गेली आणि फुटली.

याच घटनेचा पुढचा भाग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. कॅप्टन रिचर्ड द क्रेस्पिन्यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे पावणेदोन तासांनी विमान सिंगापूरला सुखरूप उतरवलं. कुणाला खरचटलंही नाही. पण पंखातून इंधन गळत होतं, खाली ब्रेक प्रचंड तापलेले होते, आणि एक क्रमांकाचं इंजिन बंदच होईना. ते अग्निशामक दलानं फेस मारून थांबवलं तेव्हा उतरून तीन तास झाले होते. इतकं इंधन, इतकी तापलेली चाकं, तरी जमिनीवर आग लागली नाही. अग्निशामक जवानांचा फेस आणि पाणी कामी आलंच. शिवाय ती जागाही उघडी होती, वाफ विरून जात होती. इंजिनाच्या पोटात मात्र ओंजळभर तेल पुरलं.

ते तेल साधं खनिज तेल नव्हतं, हेही सांगायला हवं. विमानाच्या इंजिनात कृत्रिम एस्टर तेल वापरतात. माझगाव गोदीत बांधलेल्या शिवालिक वर्गाच्या युद्धनौकांवर जी एलएम २५०० टर्बाइन आहेत, तीही मूळ विमानाच्या इंजिनावरून आलेली, म्हणून त्यांनाही हेच तेल. साधं एस्टर तापलं की अल्कोहोलच्या बाजूनं ऑक्सिजनपासून दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन निसटून रेणू आपसूक दुभंगतो, आम्ल आणि अल्कीन बनतं. म्हणून रसायनज्ञांनी पेंटाएरिथ्रिटॉलसारखं अल्कोहोल निवडलं, ज्यात त्या जागी हायड्रोजनच नाही. दुभंगण्याची वाटच बुजवून टाकली. अतिशय सुंदर रसायन आहे हे. त्यामुळं तेल उष्णतेत जास्त काळ टिकतं. पण टिकणं वेगळं आणि न पेटणं वेगळं. क्यूएफ ३२ मध्ये पेटलं ते हेच उत्तम तेल.

फवाऱ्याविषयी थोडं. एक लिटर तेलाचा ठोकळा कल्पना करा, बाजू दहा सेंटिमीटर. त्याचा सगळा पृष्ठभाग चौरस मीटरचा सहा शतांश. तेच तेल पन्नास मायक्रॉनच्या थेंबांत उडवलं तर पृष्ठभाग १२० चौरस मीटर, म्हणजे शहरातल्या एका चांगल्या ऐसपैस फ्लॅटची फरशी. वाफ पृष्ठभागावरून होते. म्हणून उडालेलं तेल फ्लॅश पॉइंटच्या खालीही पेट घेतं, आणि म्हणून दाबाखालच्या नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडणं हे टाकीतून बादलीभर तेल सांडण्यापेक्षा घातक. तेलाच्या धुक्याचा धडा जगानं मोठी किंमत देऊन घेतला तो ११ सप्टेंबर १९४७ रोजी. रेइना देल पॅसिफिको नावाच्या जहाजाची बेलफास्टजवळ सागरी चाचणी चालू असताना डिझेल इंजिनांच्या क्रँककेसमध्ये स्फोट झाले आणि २८ माणसं गेली. तापून लाल झालेल्या भागावर तेलाची वाफ झाली, थोडं दूर जाऊन ती गार होऊन पांढरं धुकं बनली, आणि धुकं पुरेसं दाट झाल्यावर त्याच तापलेल्या भागानं ते पेटवलं. पुढच्या संशोधनातून मर्यादा ठरली: लिटरभर हवेत ५० मिलिग्रॅम तेलाचं धुकं असलं की ते पेटू शकतं. एवढ्या धुक्यात हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. म्हणून टर्बाइनच्या बंद कक्षात धुकं दिसलं तर दार उघडून टॉर्च घेऊन आत जायचं नसतं. हे मी नव्या मुलांना दर वर्षी सांगत असे, आणि दर वर्षी कुणाचा तरी हात दाराकडं गेलेला पाहत असे.

मोठ्या खनिज तेलाच्या यंत्रांत या धोक्यावर एक साधी, शहाणी युक्ती आहे. दाबाखालची तेलाची नळी परतीच्या मोठ्या पाइपाच्या पोटातून नेतात. आतली फुटली तर तेल बाहेरच्या पाइपात पडतं आणि टाकीत परत जातं. पाइपाच्या पोटात पाइप. फुटणं टळत नाही, पण फुटल्यावर तेल जाईल कुठं, हे मात्र आधीच ठरलेलं असतं.

एक प्रश्न मात्र सहज सुटत नाही. आग लागली, तेल जळतंय, तर तेलाचा पंप बंद करावा ना? पण टर्बाइन ट्रिप केलं, म्हणजे तातडीनं बंद केलं, तरी रोटर लगेच थांबत नाही. ३००० फेऱ्यांवरून पूर्ण थांबायला मोठ्या यंत्राला अर्ध्या तासाच्या आसपास लागतं. तेवढा वेळ बेअरिंगला तेल नाही मिळालं तर बॅबिट वितळतं आणि कोट्यवधींचा रोटर घासत जातो. म्हणून विजेचा पुरवठा पूर्ण गेला तरी चालेल असा बॅटरीवरचा पंप मुद्दाम ठेवलेला असतो. आगीला खाद्य पुरवणारा पंपही तोच. पंप चालू ठेवला तर आग वाढते, बंद केला तर यंत्र जातं. किलोमागं सुमारे ४२ मेगाजूल, जवळजवळ डिझेलइतकी उष्णता देणारं तेल, आणि निर्णय घ्यायला एक-दोन मिनिटं. माझं मत स्पष्ट आहे: माणसं आत असतील किंवा आग नियंत्रणाबाहेर असेल तर रोटर जाऊ द्यावा, आणि हे आग लागल्यावर ठरवायचं नसून आधीच लिहून ठेवायचं. कार्बन डायऑक्साइड सोडून आग विझवली तरी धातू तासन् तास त्या लक्ष्मणरेषेच्या वर तापलेला राहतो. म्हणून वायू एकदाच सोडून भागत नाही, तो पुरवत राहावा लागतो. हवा आत शिरली की विझलेलं पुन्हा पेटतं.

वाफेच्या टर्बाइनचं उदाहरण इथं घेतो, कारण वंगण तेच आणि पेच तोच. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची दोन पाती तुटली. रोटर असंतुलित होऊन इतका हादरला की जनित्रातला हायड्रोजन आणि तेलाच्या नळ्या दोन्ही सुटल्या. आग केबलींतून पसरली आणि केंद्र १७ तास पूर्ण अंधारात राहिलं. अणुभट्टी बंद झाली होती, पण ती थंड राहावी म्हणून तिथल्या माणसांनी टॉर्चच्या उजेडात, धुरात, हातानं व्हॉल्व्ह फिरवले. किरणोत्सार बाहेर पडला नाही. त्या रात्रीच्या कर्मचाऱ्यांविषयी मला अपार आदर आहे.

मग न पेटणारं तेलच का वापरू नये? नियंत्रणाच्या हायड्रॉलिक यंत्रणेत फॉस्फेट एस्टर वापरतात, त्याचं स्वयंप्रज्वलन पाचशे अंशांच्या वर आहे. पण ते पाण्यानं आंबतं, रंग आणि सील खातं, महागही फार. सगळीकडं ते चालत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. नव्वदच्या दशकातली, मी शिफ्ट इंचार्ज होतो. टर्बाइनच्या मागच्या बेअरिंगजवळ एका फ्लँजला बारीक गळती होती, दिवसाला पेलाभरही नाही. तेल खाली एका हवेच्या पाइपावरच्या लॅगिंगवर, म्हणजे उष्णतारोधक वेष्टनावर, पडत होतं. पाइपाचं तापमान मी मोजलं: २७० अंश. तेलाचा छापील आकडा साडेतीनशेचा. मी लॉगबुकात लिहिलं की धोका नाही, पुढच्या शटडाउनमध्ये गॅस्केट बदलावं. सही केली.

आमचे फिटर काका, तीस वर्षं लोखंडात घालवलेला माणूस, दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "साहेब, पत्र्याला हात लावून बघा. वरून जास्त तापलाय. आणि वास खवट येतोय." मी गेलो. लॅगिंगचं काम उष्णता अडवण्याचं, तेव्हा वरचा पत्रा कोमट हवा. तो चटका देत होता. मला वाटलं पत्रा कुठं पाइपाला टेकला असेल. त्या रात्री धूर यायला लागला तेव्हा मीच पत्रा उघडायला सांगितलं. पत्रा सरकला, हवा आत गेली, आणि लॅगिंगच्या पोटातून पुरुषभर ज्वाळा उठली. काकांचे हात भाजले. वर फोड आले होते, पंधरा दिवसांत बरे झाले, पण तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

झालं होतं ते असं. लॅगिंगमधल्या मिनरल वूलच्या तंतूंवर तेल पसरलं. प्रत्येक तंतू वात. हवा पुरेशी होती, ऑक्सिडेशनची ती खवट साखळी सुरू झाली, तिची थोडी थोडी उष्णता वूलनं अडवली, कारण अडवण्यासाठीच ते बसवलं होतं. आतला भाग पाइपापेक्षा गरम होत गेला. ओल्या कडब्याची गंजी आतून पेटते, जवसाच्या तेलानं माखलेल्या चिंध्या ढिगाऱ्यात पेटतात, ते हेच. थर जितका जाड, तितकं पेटायचं तापमान खाली, हे गणित फ्रँक-कामेनेत्स्की यांनी १९३९ मध्येच मांडलं होतं, आणि सरांनी आम्हाला शिकवलंही होतं.

काही दिवसांनी मी सरांना सविस्तर पत्र लिहिलं. सगळं कळवलं, माझी सहीही. आठवड्याभरानं त्यांचं पोस्टकार्ड आलं. वर काकांची चौकशी होती, खाली एकच ओळ: लॅगिंगची जाडी किती होती?

मी मोजली नव्हती. दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन न जळलेल्या भागापाशी गेलो. नकाशावर शंभर मिलिमीटर लिहिलं होतं. जुन्या दुरुस्त्यांत आधीचं न काढता त्यावरच नवं वूल गुंडाळलं गेलं होतं, दोनदा. पट्टीवर एकशे सत्तर आले. तो आकडा मी पोस्टकार्डावर लिहून सरांना पाठवला.